जुना ट्रॅक्टर दणकट की नवा? आधी बघा, तो कुठे अडतो आणि कोण सोडवतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या नंदगडच्या बाजूला जमीन, निम्म्यात भात, निम्म्यात ऊस. घरात १९९७ चा ३५ एचपीचा ट्रॅक्टर. तो देऊन ५० एचपीच्या वरचा नवा घ्यावा असं तुम्हाला वाटतं. वडील, म्हणजे आप्पा म्हणतात, "तसलं लोखंड आता मिळत नाही, नवे सगळे सेन्सरवाले, पावसात बंद पडणार." तर खरं कुणाचं?

आप्पांचं लोखंडाबद्दलचं म्हणणं चूक आहे आणि बंद पडण्याबद्दलचं बरंचसं बरोबर आहे. आणि तुम्ही ५० एचपीची जी रेषा धरली आहे ती नेमकी महत्त्वाची आहे, पण ताकदीसाठी नाही. त्याचं कारण पुढे येतंच.

आधी लोखंड. आज शिवारात तीस वर्षांचा एखादा मॅसी १०३५ किंवा जुना महिंद्रा धडधडत जाताना दिसला की आपण म्हणतो, बघा, काय माल होता. पण तो त्याच्या पिढीतला वाचलेला गडी असतो. त्याच्याच बरोबर शोरूममधून निघालेले कितीतरी ट्रॅक्टर गिअरबॉक्स फुटून, क्रँक तुटून, नाहीतर मालकाच्या हेळसांडीने केव्हाच भंगारात वितळले. मेलेले ट्रॅक्टर कुणी मोजत नाही. दुसरं असं की त्या ट्रॅक्टरांनी तरुणपणी काम काय केलं? नांगर, कुळव, एक ट्रॉली, मळणी. आजच्यासारखा दिवसभर रोटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) नव्हता, आणि मागे दोन ट्रॉल्या भरून उसाची वाहतूक तर फार थोड्यांच्या नशिबी होती. तेव्हाचा ट्रॅक्टर आजच्या कामाला जुंपला असता तर त्याचं लोखंड किती टिकलं असतं याचा अंदाज आम्हा मिस्त्री लोकांना आहे, कारण ज्यांनी जुंपले त्यांचे गिअर आमच्याच बाकड्यावर आले.

प्रत्यक्ष सुधारलंय काय ते सांगतो, कारण हे शोरूमवाले नीट सांगत नाहीत, ते तुम्हाला बॉनेटचा रंग दाखवतात. सगळ्यात मोठी सुधारणा ब्रेकची. तुमच्या १९९७ च्या ट्रॅक्टरला बहुतेक कोरडे डिस्क ब्रेक असणार. खानापूर तालुक्यात नट्टीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत केजव्हील (लोखंडी जाळीची चाकं) लावून चिखलणी करायची म्हणजे अर्धा ॲक्सल गाळात. तो गाळ कोरड्या ब्रेकमध्ये शिरतो, लायनिंग खातो, डिस्कला चरे पाडतो, आणि एका बाजूचा ब्रेक लागतो, दुसऱ्या बाजूचा लागत नाही. पावसाळा संपला की ब्रेकचं काम निघणार हे ठरलेलं. नव्या ट्रॅक्टरांत तेलात बुडालेले ब्रेक जवळजवळ सर्रास आले आहेत. हाऊसिंग बंद, आत तेल, गाळाला वाट नाही. सील शाबूत ठेवलं आणि तेल वेळेवर बदललं तर ते वर्षानुवर्षं उघडावे लागत नाहीत. भाताच्या माणसाला एवढ्या एका गोष्टीसाठी नवा ट्रॅक्टर घ्यावासा वाटला तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

मग गिअरबॉक्स. जुन्यात स्लायडिंग मेश, म्हणजे गिअर टाकताना दाते सरकून एकमेकांत बसायचे. घाईत टाकला की खर्रकन आवाज, आणि दाताचा कोपरा गेला. आता बहुतेक ठिकाणी कॉन्स्टंट मेश, वरच्या मॉडेलांत सिंक्रोमेशही. दाते कायम गुंतलेलेच असतात, त्यामुळे घाईचा मार दातांवर बसत नाही. क्लचचंही तसंच. जुन्या सिंगल क्लचला पाय मारला की पीटीओ, म्हणजे मागचं अवजार फिरवणारा दांडासुद्धा थांबायचा. रोटर जोडून बांधाशी वळताना हे किती जाचक होतं ते चालवणाऱ्याला ठाऊक आहे. डबल क्लच आल्यावर रोटर फिरता ठेवून गिअर बदलता येतो. आणि पॉवर स्टिअरिंगने आप्पांच्या खांद्यांचं जे भलं होईल ते वेगळंच.

म्हणजे धातू, सील, गिअर, ब्रेक या सगळ्यांत नवा सरस. मग आप्पांचं बरोबर कुठे? इंजिनाच्या पोटात डिझेल जातं तिथे.

जुन्या इंजिनाला बेंगळुरूच्या मायकोचा पंप, नाहीतर सीएव्हीचा रोटरी पंप. नोझल साधारण २०० बार दाबाला उघडायचं. सगळं यांत्रिक: कॅम फिरतो, प्लंजर उचलतो, डिझेल जातं. विजेची गरज फक्त सेल्फ मारण्यापुरती. बॅटरी मेली तर उतारावर सोडून किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून चालू. डिझेलमध्ये एअर धरली तर पाना घेऊन स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की आवळायचा. हे काम बाराव्या-तेराव्या वर्षी शिकलेली पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत. बिघाड झाला तरी तो हळूहळू यायचा. आधी काळा धूर, मग ओढ कमी, मग सकाळी चालू व्हायला नखरे. हंगाम संपेपर्यंत रेटून नेता यायचं. तो वारंवार बिघडायचा, पण क्वचितच अडवायचा.

कॉमन रेलचं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या पद्धतीचं, गणित निराळं आहे. तिथे रेलमधला दाब १६०० बारच्या आसपास आणि त्याहूनही वर जातो. इंजेक्टर केव्हा, किती वेळ उघडायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतो, एका स्ट्रोकमध्ये अनेकदा उघडतो. त्यामुळे धूर कमी, आवाज कमी, डिझेलची बचत, कमी आरपीएमला जास्त ओढ. पण क्रँकचा सेन्सर बिघडला की इंजिन चालूच होत नाही. रेलचा दाब पुरेसा चढला नाही की नाही. बॅटरीचं व्होल्टेज पडलं की नाही. काही बिघाडांत ईसीयू ताकद कमी करून इंजिन कसंबसं चालू ठेवतो, म्हणजे घरापर्यंत येता येतं, रोटर मारता येत नाही. आणि बिघाड काय आहे ते कानाने किंवा धुराच्या रंगावरून कळत नाही, स्कॅनर लावावा लागतो. हा क्वचित बिघडतो, पण बिघडला की बांधावरच अडतो.

आता ती ५० एचपीची रेषा. ट्रॅक्टरांचे धुराचे नियम मोटारींपेक्षा वेगळे आहेत. मोटारींना १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. ट्रॅक्टरांत ट्रेम-४ हे नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले, आणि तेही ३७ किलोवॅट, म्हणजे साधारण ५० एचपीच्या वरच्यांना. त्यामुळे ५० च्या वर गेलात की कॉमन रेल, ईसीयू, सेन्सर, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी व्यवस्था), सायलेन्सरमध्ये डीओसी (धूर साफ करणारा भाग) हे सगळं बरोबर आलंच. ५० च्या खाली आजही बहुतेक नव्या ट्रॅक्टरांना यांत्रिक पंपच आहे. शोरूममध्ये ४९-५० एचपीच्या आसपास इतकी मॉडेलं का दिसतात, याचं उत्तर या ३७ किलोवॅटमध्ये आहे. आप्पा ज्याला घाबरतात ते तुम्ही ४५ एचपीचा घेतला तर मुळात अंगावर येतच नाही. तेलातले ब्रेक, डबल क्लच, पॉवर स्टिअरिंग मिळतं आणि पंप गावातल्या मिस्त्रीला उलगडेल असाच राहतो. बापलेकांचं भांडण इथेच मिटण्यासारखं आहे.

तरी ५० च्या वरचाच घ्यायचा असेल तर डिझेलची शिस्त बदला. कॉमन रेलच्या पंपात आणि इंजेक्टरमध्ये भागांमधली जागा काही मायक्रॉनची असते. जुना पंप बॅरलमधलं डिझेल, थोडंसं पाणी, आणि पूर्वी रॉकेलची भेसळसुद्धा पचवायचा, पचला नाही तर आधी कुरकुर करायचा. नव्याला यातलं काहीच चालत नाही. पावसाळ्यात खोपटात ठेवलेल्या बॅरलमध्ये हवेतली वाफ थंड होऊन तळाला पाणी साचतं, कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात तर हमखास. ते पाणी इंजेक्टरला गंज चढवतं. तेव्हा बॅरल उभं न ठेवता थोडं कलतं ठेवा, तळाचं डिझेल ट्रॅक्टरला घालू नका, फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी दर आठवड्याला सोडा, आणि फिल्टर स्वस्तातला घेऊ नका. फिल्टरवर वाचवलेले पैसे इंजेक्टरच्या बिलात कितीतरी पटीने जातात.

डिझेलबद्दल एक अफवा इकडे फार आहे: "नव्या डिझेलात गंधक नाही, म्हणून वंगण नाही, पंप झिजतो." यातलं अर्धं खरं आहे. गंधक खरोखर कमी झालं: बीएस-३ च्या वेळी ३५० पीपीएम (दहा लाख भागांत ३५०), बीएस-४ ला ५०, आता १०. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचं अंगचं वंगणही जातं. पण ते भरून काढायला रिफायनरीत वंगणाचं ॲडिटिव्ह घालतात, डिझेलच्या मानकात झिजेची मर्यादाच ठरलेली आहे. जुना पंप नव्या डिझेलवर आरामात चालतो. टाकीत टू-स्ट्रोकचं तेल ओतण्याचा उपद्व्याप करू नका, डीओसी असलेल्या ट्रॅक्टरला तर अजिबात नाही.

पाणी म्हटलं की पूर आलाच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा एकदम फुगल्या, निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर पाणी आलं, तेव्हा चिकोडी-रायबाग-अथणीकडे कित्येक ट्रॅक्टर शेडमध्येच बुडाले. जुना आणि नवा यांतला फरक अशा वेळी सगळ्यांत उघडा पडतो. जुन्याचं इंजिन, गिअरबॉक्स, हायड्रोलिकचं तेल सोडायचं, टाकी धुवायची, नोझल काढून इंजिन हाताने फिरवून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं, सेल्फ आणि डायनॅमो उन्हात वाळवायचे, नवं तेल-फिल्टर घालायचं, चालू. थोड्या वेळाने तेल परत बदलायचं. नव्यातही हे सगळं करायचंच, पण शिवाय ईसीयू आणि वायरिंगचे कनेक्टर असतात, आणि गढूळ पाणी कनेक्टरच्या पिनांवर गंज धरतं तो पुढे महिनाभराने त्रास देतो. बुडालेल्या कुठल्याही गाडीला, जुन्या किंवा नव्या, "बघूया चालू होतंय का" म्हणून सेल्फ मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. नव्याची किल्लीसुद्धा फिरवायची नाही, पहिलं काम बॅटरीची वायर काढणं. यमगर्णीला पाणी चढायच्या आत ट्रॅक्टर उंचावर नेणारा माणूस या सगळ्यातून सुटतो, हे सांगायला मिस्त्री लागत नाही, पण दर वेळी सांगावं लागतं.

आणि उंदीर. हसू नका. कडब्याच्या गंजीशेजारी किंवा पाचटात उभ्या केलेल्या नव्या ट्रॅक्टरची वायरिंग उंदराने कुरतडलेली आम्ही सेन्सर बिघडण्यापेक्षा जास्त वेळा बघतो. जुन्याला कुरतडण्यासारखं होतंच काय, दिवे आणि हॉर्न! ट्रॅक्टर चाऱ्यापासून लांब उभा करा, बॉनेटखाली पाचट साचू देऊ नका. रेडिएटरच्या जाळीतही तेच पाचट आणि मळणीचा कोंडा बसतो, इंजिन तापतं, आणि दोष कंपनीला जातो. रेडिएटरमध्ये बोअरचं क्षाराचं पाणी घालू नका, आत थर धरतो. कूलंटच घाला, जुन्यालाही.

आता ज्यावर तुमचा निर्णय खरा टांगलेला आहे ते: दुरुस्ती कोण करणार, किती तासांत. नट्टीचे दिवस मोजके. ऊसतोड आली आणि ट्रॅक्टर बंद पडला तर टोळी बसून राहते, ऊस फडात वाळतो. ट्रॅक्टर वर्षातून एकदाच बंद पडला, पण नेमका तेव्हा आणि चार दिवस, तर वर्षभराचा शहाणपणा वाया. म्हणून शोरूममध्ये मायलेज विचारायच्या आधी हे विचारा: स्कॅनर असलेला माणूस कुठे बसतो, बेळगावला, निपाणीला की हुबळीला? तो रविवारी येतो का? इंजेक्टर आणि क्रँक सेन्सर दुकानात पडून असतो की मागवावा लागतो? आणि उत्तर सेल्समनकडून घेऊ नका. त्याच मॉडेलचे आसपासचे दोन-तीन मालक गाठा, त्यांना त्यांच्या सगळ्यात वाईट दिवसाबद्दल विचारा.

आपल्या भागाचं नशीब एका बाबतीत बरं आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्र्या आणि मशीन शॉप असल्यामुळे जुन्या इंजिनाचं काम इथे उत्तम होतं. लायनर बदलणं, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, सगळं बेळगावातच. क्रँक पहिल्यांदा १० ला (म्हणजे इंचाचे दहा हजारांश), मग २०, ३०, ४० ला घासतात, त्याला तसे बेरिंग मिळतात. जुन्या ट्रॅक्टराचं इंजिन असं पुन्हा पुन्हा बांधता येतं, म्हणून तो म्हातारा होत नाही असं वाटतं. खरं तर तो तेवढ्या वेळा नव्याने जन्मलेला असतो. पण ही सोय सुट्या भागांवर उभी आहे. एचएमटीचे ट्रॅक्टर आठवा. झेटरच्या घडणीचं इंजिन, चिवट काम. कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, आणि आता एखाद्या छोट्या भागासाठी मालक भंगारवाल्यांकडे फिरतात. ट्रॅक्टर दणकटच होता, त्याच्या पाठीशी उभं राहणारं कुणी उरलं नाही.

तुम्ही मोटारीचंही ओझरतं विचारलंय, म्हणून तेवढ्यापुरतं. बीएस-६ ची डिझेल मोटार घेऊन रोज बेळगावातल्या टिळकवाडी ते शहापूर एवढीच फिरवणार असाल तर घेऊ नका. तिच्या सायलेन्सरमधल्या डीपीएफ नावाच्या गाळणीत काजळी साठते, ती जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं, आणि ते गावातल्या गावात येत नाही. दिवा लागला की महामार्गाला लागून संकेश्वरपर्यंत एका वेगाने जाऊन यावं लागतं. पेट्रोल घ्या, विषय संपला. जुन्या पेट्रोल गाड्यांत पेट्रोलमध्ये मिसळलेल्या, उसापासूनही बनणाऱ्या इथेनॉलमुळे रबरी पाइप आणि सील नरम पडण्याचा प्रश्न आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग २० टक्के इथेनॉलला चालतील असे असतात. जुनी मोटारसायकल महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपलाच ऊस आपल्याच कार्बोरेटरमध्ये परत येतो म्हणा.

परत तुमच्याकडे. माझा सल्ला: आत्ता ५० च्या वर जाऊ नका. तुमच्या जमिनीला, पाच-सहा फुटी रोटरला आणि एका ट्रॉलीला ४२ ते ४८ एचपी पुरून उरतो. दोन ट्रॉल्या लावून कारखान्याची वाहतूक धरायची असेल तरच वरचं इंजिन घ्या, आणि मग तो धंदा म्हणून बघा, घरचा ट्रॅक्टर म्हणून नव्हे. आप्पांचा जुना विकू नका. त्याला आज बाजारात जे मिळेल त्यापेक्षा त्याची घरी किंमत जास्त आहे: फवारणी, पाण्याचा टँकर, आणि नव्याला काही झालं तर कुळव.

सीमेपलीकडून, महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजकडून जुना स्वस्तात मिळतोय म्हणून मोह झाला तर एनओसी, इकडचा नंबर आणि कर धरून हिशेब करा. तो स्वस्तपणा बऱ्याचदा तिथेच संपतो.

जुना ठेवायचा तर इंजिनाला काम आलंय का ते आधी बघा. सकाळी थंड इंजिन चालू करा, तापू द्या, मग चालू असतानाच तेल घालायचं झाकण उघडा. तिथून फकाफक धूर येत असेल तर रिंगा-लायनर गेले. तापल्यावर तेलाचा दाब पडत असेल तर बेरिंग आणि क्रँक बघावा लागेल. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे बहुधा नोझल किंवा चोंदलेला एअर क्लीनर, त्याला इंजिन खोलायची गरज नाही. नांगर उचलून इंजिन बंद करा आणि चहा पिऊन या. तो लगेच खाली बसला असेल तर लिफ्टचं सील गेलंय. पुढची चाकं जॅकवर उचलून हलवून बघा, खेळ असेल तर किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळ्याचे) बुश गेलेत. हे सगळं करून काय दिसलं ते आणि किती तास चालला आहे ते लिहा, तासाचा मीटर बंद असेल तर वर्षाला साधारण किती डिझेल जातं ते सांगा, त्यावरून इंजिन बांधायचं की नुसती नोझल बदलायची ते ठरवता येईल.